फुवांची दुसरी घागर

साऱ्या खानदेशात हिरव्या मिरचीला नमस्कार करून जेवायला बसणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो नेमका आमच्या वाट्याला आला. माझ्या वडिलांच्या बहिणीचा, म्हणजे आमच्या फुईचा, हा नवरा. आम्ही त्यांना फुवा म्हणत असू. धुळ्याला पांझरा नदीच्या बाजूला राहणारे, मास्तरकीतून मोकळे झालेले, टोपी कायम उजवीकडे कललेली. भरीत-भाकरीचं ताट समोर आलं की फुवा मिरचीचा देठ धरून ती कपाळाला लावत आणि म्हणत, "ही आपली नव्हे, पाहुणी आहे. आधी तिचा मान." मान देऊन झाला की पाहुणीला कराकरा चावत. यात मान कुठे राहिला, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

या सगळ्याचं मूळ एका पुस्तकात होतं. फुवांना ते आठवडे बाजारात मिळालं. पुढचा पुठ्ठा गेलेला, शेवटची पानं गेलेली, मधे ठिकठिकाणी चित्रं. गोऱ्यांची जहाजं अमेरिकेला पोचण्याआधी तिथे जी माणसं राहत होती, त्यांची ती हकीकत होती. त्यांनी डोंगराला पायऱ्या पाडून शेतं केली, आकाशाला भिडणारी दगडी देवळं बांधली, आणि मका, मिरची, शेंगदाणा, बटाटा, रताळं हे सगळं रानातून उचलून शेतात आणलं. हे वाचल्यापासून फुवांना घरातलं काहीच आपलं वाटेना. पहिली कुऱ्हाड एकादशीवर पडली. "आपल्या ऋषींनी बटाटा डोळ्यांनी पाहिला नव्हता. मग ते उपासाला खात काय होते?" हा प्रश्न त्यांनी आधी भटजींना विचारला, मग मला. भटजींनी आपला जायचा-यायचा रस्ता बदलला. मी शिकायला त्यांच्याच घरी राहत होतो, मला ती सोय नव्हती. शेवटी एकादशीला उघडउघड भाकरी खायची आणि बटाटा वर्ज्य करायचा, असं फुवांनी ठरवून टाकलं. फुई कपाळावर हात मारून म्हणाली, "लोके उपासले बटाटा खातस, आन् आम्हना घरमा बटाटानाच उपास शे!"

पुस्तकातल्या काही लोकांचा महिना वीस दिवसांचा असे. असे अठरा महिने, आणि वर उरलेले पाच दिवस अशुभ. फुवांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाने तसं पंचांग मांडलं आणि त्या पाच दिवसांत दाढीसुद्धा करायचं सोडलं. नेमका त्याच दिवसांत शेजारचा साखरपुडा आला, आणि मुलाकडच्यांना वाटलं की हे गृहस्थ सुतकात आहेत. आणखी कुठले लोक म्हणे लिहिण्याऐवजी दोरीला गाठी मारत. फुवांनी कमरेच्या करदोट्यालाच गाठी मारायला सुरुवात केली. "ही तिसरी गाठ कशाची रे?" ते मला विचारत. कधी मारली होती, असं मी विचारलं तर म्हणत, "ते दुसऱ्या गाठीत आहे." अशा वेळी आमच्या दोघांत जास्त गोंधळलेला कोण, हे सांगणं अवघड होई.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. फुवांचा एकुलता मुलगा फौजेत भरती होऊन समुद्रापार गेला होता. त्याची पत्रं उशिरा येत, निम्म्या ओळी खोडलेल्या असत, पण येत. दिवाळीनंतर ती थांबली. फुवा रोज पोस्टमनला दारातच गाठायचे आणि रिकाम्या हाताने आत येऊन ते पुस्तक उघडायचे. आता त्यांना एकच ध्यास लागला होता, त्या माणसांचं पुढे झालं काय? शेवटची पानंच नव्हती. "आहेत की गेली, कोणी सांगेल का?" असं ते पुन्हा पुन्हा म्हणत. ते नुसतं पुस्तकातल्या माणसांबद्दल बोलत नव्हते, हे कळायला मला फार वेळ लागला, याची अजून लाज वाटते.

मग आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. आखाजीला आमच्याकडे पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, वर खरबूज आणि सांजोरी ठेवतात. घरात वर्षभरात कोणी गेलं असेल तरच आमच्या आळीत एक कोरी घागर वाढते. फुई सकाळी नदीवरून आली तर देवापुढे दोन घागरी. दुसरी कोरी, तिच्यावर खरबुजाच्या शेजारी एक हिरवी मिरची. फुईला मिरची दिसलीच नाही. ती ओरडली. "हाई कोनी घागर? पत्र ऊनं का? माले का बरं सांगं नही?" शेजारच्या अक्कांनी ते ऐकलं, आणि घटकाभरात अर्धी आळी ओट्यावर येऊन रडायला लागली. घागर अमेरिकेतल्या माणसांची आहे, असं मी जीव तोडून सांगत होतो. त्यावर कोपऱ्यावरच्या आबांनी टोपी काढली आणि हुंदका देत विचारलं, "पोऱ्या अमेरिकामा गया व्हता का?"

फुवा गोंधळून दाराशी उभे होते. "आपल्या मुलाची नाही," ते फुईला म्हणाले. "त्या लोकांची आहे. त्यांना पाणी देणारं कोणी उरलं की नाही, पुस्तकात नाही." मग म्हणाले, "आपला पोरगा परमुलखात तहानेने पडला असेल, तर तिथल्या कोणीतरी त्याला पाणी द्यावं. पण आपण कधी कुठल्या परक्याला दिलंय?" फुईने डोळे पुसले. दुसरी घागर तिने हलवली नाही.

पावसाळा सरता सरता मुलगा लंगडत घरी आला. कितीतरी महिने तो इस्पितळात होता. फुवांनी तिसऱ्याच दिवशी त्याच्यापुढे पुस्तक ठेवलं. चित्रं चाळत तो म्हणाला, "नाना, ही माणसं आहेत की! इस्पितळात माझ्या शेजारच्या खाटेवर त्यांच्यातलाच एक शिपाई होता. घरच्या मक्याच्या भाकरीची सारखी आठवण काढायचा. माझे दोन्ही हात पट्ट्यांत बांधलेले होते, तेव्हा तोच पाणी पाजायचा मला."

फुवांनी आधी मुलाचे हात हातात घेतले. मग एकदम दचकले. "अरे, म्हणजे मी जित्या माणसांची घागर भरली!" आठ दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. शेवटी फुईनेच निकाल दिला. "आम्हना पितर गयात, म्हनीसन आम्ही गयात का? त्यास्नाबी पितरच गयात. पोरं शेतस." तेव्हापासून दुसरी घागर बिनबोभाट भरली जाऊ लागली.

स्वातंत्र्याच्या आधीच्या हिवाळ्यात फुवा गेले. त्यानंतरच्या आखाजीला मी मुद्दाम धुळ्याला गेलो. देवापुढे तीन घागरी होत्या. एक घरच्या पितरांची. उरलेल्या दोन्हींवर फुईने एकेक हिरवी मिरची कपाळाला लावून ठेवली होती. त्यांतली फुवांची कोणती आणि त्या लोकांची कोणती, हे मला काही ओळखता येईना. म्हणून मी फुईला विचारलं.

"मालेबी समजत नही," ती म्हणाली, आणि तिने दोन्हींपुढे हात जोडले.