पाणी दिलेले बोल्ट

शुक्रवार, १७ जानेवारी २०२५. गाळ्यातले नट-बोल्ट आज लावून संपले. नऊ दिवस लागले. एकूण बेचाळीस डबे. प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली. डिझेल चार लिटर, तारेचे ब्रश तीन. डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलं आहे. महिपत उद्या गावाहून येईल. वांगी आणली, दोन किडकी निघाली.

एवढं लिहून उर्मिलाबाईंनी पेनाला टोपण लावलं तेव्हा त्या स्वतःवर खूश होत्या. भाईंदर पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला हा गाळा त्यांच्या यजमानांचा, ईश्वररावांचा. बिजागऱ्यांच्या पट्ट्या ठोकणाऱ्या तीन पॉवर प्रेस, एक जुना लेथ आणि तीस वर्षांत साचलेलं लोखंड. ईश्वरराव दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या वेळेपासून बाई दुपारी बिलं करायला गाळ्यात येऊन बसत, आणि समोर गोणपाटात, फुटक्या बादल्यांत, ऑइलच्या कापलेल्या कॅनमध्ये पडलेला तो पसारा बघून त्यांचा जीव वरखाली होई. शाळेत सिस्टर लोकांनी बोटांवर लाकडी पट्टी मारमारून त्यांना एक गोष्ट शिकवली होती: जी वस्तू जिच्यासारखी, तिची जागा तिच्याशेजारी. सत्तरी उलटली तरी ती पट्टी त्यांच्या बोटांत होतीच. महिपत भाचीच्या लग्नाला पोलादपूरकडे गेला, आणि बाईंनी पदर खोचला.

महिपत म्हणजे हात आधी आणि तोंड मागून चालणारा माणूस. एकोणिसाव्या वर्षी गावाहून आला तो पहिल्याच कारखान्यात मुकादमाचे पुढचे दोन दात पाडून बाहेर पडला. मुकादमाने आईवरून शिवी दिली होती. ईश्वररावांनी ही कीर्ती ऐकूनच त्याला ठेवून घेतलं. म्हणाले, "हातात जोर आहे, तो लोखंडावर काढ." त्याने काढला. पण लोखंडानेही त्याच्यावर काढला. प्रेसमधून उडालेल्या पत्र्याने त्याचा डावा कान अर्धा नेला, तेव्हा उरलेला कान फडक्याने दाबून त्याने आधी मशिन बंद केली आणि मग खाली बसला. गाळ्यातली माणसं त्याला घाबरून असत. एकदा तो पाना भिरकावून मारायला गेला, तो पंख्याला लागला. पातं तसंच वाकडं फिरायचं, आणि नव्या माणसाला ते दाखवून सांगितलं जायचं, हा महिपतदादाचा स्वभाव. बाईंच्या केबिनमध्ये मात्र तो तीस वर्षं चपला काढून आत येत होता.

गावाहून परतला त्या सकाळी त्याने मांडणीवरचे बेचाळीस डबे पाहिले. मग मोठ्या प्रेसखाली वाकला. तिथली जागा रिकामी होती.

"बाई, इथला डबा?"

"तो तुपाचा? धुऊन घेतला रे. त्यात आता वॉशर आहेत."

"आतले बोल्ट?"

"सगळे आहेत. एकही टाकला नाही. काळेकुट्ट होते अगदी, ग्रीसमध्ये बरबटलेले. घासून काढले. बघ, ओळखू येणार नाहीत."

महिपतने बारा मिलिमीटर जाडीच्या डब्यातले दोन बोल्ट उचलले, तळहातावर फिरवले, परत ठेवले. बाहेर जाऊन बिडी ओढून आला.

"छान लावलंत, बाई," तो म्हणाला.

बाईंनी तेही त्या दिवशी लिहून ठेवलं.

त्यानंतर महिपत जेवणाच्या सुट्टीत बोल्टांचा डबा मांडीवर घेऊन, कानस हातात धरून एकेक बोल्ट घासत बसायचा. बाईंनी विचारलं तर म्हणायचा, गंज बघतोय. आणि त्याने गाळ्यात फर्मान काढलं: प्रेसवर डाय, म्हणजे पट्टी ठोकायचा साचा, बांधायची ती मीच बांधीन, दुसऱ्या कुणी बोल्टला हात लावायचा नाही.

हे रोहितला झोंबलं. रोहित मुर्धा गावचा, सव्वीस वर्षांचा, पाच वर्षं प्रेसवर काढलेली. डाय बांधणं त्याच्या हातचा मळ होता.

"दादा, बोल्ट आवळायला काय मुहूर्त लागतो काय?"

"सांगितलं तेवढं कर."

"पन का, ते तर सांग."

"मी सांगतोय म्हणून."

"तुला दुसरं कामच न्हाय, म्हणून सांग ना."

महिपतने त्याच्या कानाखाली वाजवली. साधी नव्हे. रोहित पट्ट्यांच्या ढिगावर पडला, कोपर फाटलं, रक्त पत्र्यावर टिपटिप गळलं. बाई केबिनमधून बाहेर आल्या. "माझ्या गाळ्यात हात उचलायचा नाही, महिपत." महिपत मान खाली घालून उभा राहिला. का मारलं, ते त्याने तेव्हाही सांगितलं नाही. रोहितने रुमाल बांधला आणि परत प्रेसवर बसला.

हे मार्चच्या पहिल्या आठवड्यातलं. अकरा तारखेला, मंगळवारी, महिपत एक डाय धार लावून आणायला काशीमिऱ्याला गेला होता. मोठ्या प्रेसवरचा माल संपला. रोहितने कुणाची वाट पाहिली नाही. दुसरी डाय उचलली, मांडणीवरून डबा काढला, चिठ्ठी वाचली, चार बोल्ट घेतले आणि डाय बांधली. पॅकिंगवाली स्वाती म्हणाली, "दादा येऊ दे ना." तो म्हणाला, "आला की बघंल, नि गप बसंल."

दोनशे-अडीचशे पट्ट्या निघाल्या. मग एक आवाज झाला, नेहमीच्या ठोक्यापेक्षा कोरडा. बोल्ट तुटला, डाय सरकली, वरून ठोकणारा पोलादी पंच तिच्या काठावर उतरला आणि फुटला. रोहितचा डावा हात पट्टीसकट आत होता. बाई बाहेर धावल्या तेव्हा तो ओरडतही नव्हता. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट हाताला नव्हतं, आणि पंचाचा एक तुकडा त्याच्या दंडात उभा रुतला होता. स्वातीने ओढणीने हात आवळला. शेजारच्या गाळ्यातल्या दोघांनी त्याला रिक्षात घातलं. स्वातीने बोटं बर्फाच्या पिशवीत घालून पाठवली, पण ती चिरडलेली होती, त्यात जोडण्यासारखं काही नव्हतं.

महिपत आला तो थेट प्रेसपाशी. तुटलेला बोल्ट त्याने उचलला, पाहिला आणि खिशात टाकला. बाईंनी ते बघितलं.

"काय लपवतोयस?"

"काही नाही."

"महिपत, त्या मुलाची बोटं गेली आहेत. काढ बाहेर."

त्याने काढला. मग प्रेसवरचा एक न तुटलेला बोल्ट सोडवला, दोन्ही बाईंच्या टेबलावर ठेवले आणि कानस घेतली. तुटलेल्यावर कानस फिरवली, लोखंडाचा पांढरा भुगा पडला. दुसऱ्यावर फिरवली, ती काचेवरून घसरावी तशी घसरली.

"हा बाजारचा, कच्चा. मांडणी ठोकायला चालतो. हा साहेबांनी लेथवर काढला, लाल केला, तेलात बुडवून पाणी दिलं, कडक केला. प्रेसवर हाच लागतो. साहेब त्यावर खूण करत नव्हते. काळा रंग आणि तो तुपाचा डबा, हीच खूण."

बाईंनी दोन्ही बोल्ट हातात घेतले. सारखेच दिसत होते.

"मी घासले."

"हो."

"आणि सारखे दिसले म्हणून एकत्र केले."

"दोन महिने निवडतोय मी. तीस-पस्तीस निवडायचे राहिले होते."

"मला का नाही सांगितलंस?"

महिपत खाली बघत म्हणाला, "नऊ दिवस बसून केलं होतंत तुम्ही."

"रोहितला तरी सांगायचंस."

"त्याला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं. साहेबांच्या बाईंनी घोळ केला म्हणून हसले असते सगळे. आता बोलू नका कुठे. मी फिटर आहे, माझ्यावर येऊ दे."

बाई काही बोलणार तोच गल्लीत तीन मोटरसायकली थांबल्या. रोहितचा मामा, नाथा, पाच-सहा माणसं घेऊन आला होता. त्याचा शर्ट पोटापासून खाली रक्ताने भिजला होता. भाच्याला इस्पितळाच्या दारात रिक्षातून त्यानेच उचलून आत नेलं असावं.

"महिपत कोन?"

"मी."

"आठवड्यामागं पोराला मारलास तो तूच ना? आज हात तोडलास."

नाथाने दाराशी टेकवलेला पाइप उचलला. पहिला घाव महिपतच्या खांद्यावर बसला, दुसरा कोपरावर. हाड मोडल्याचा आवाज बाईंना केबिनच्या दारात ऐकू आला. महिपत गुडघ्यावर आला. बाकीच्यांनी लाथा घातल्या, बरगडीत, तोंडावर. ज्या माणसाने आयुष्यात एक शिवी उधार ठेवली नव्हती, तो हात मांडीवर ठेवून मार खात होता. रक्ताची थुंकी टाकून त्याने मान वर केली ती फक्त बाईंकडे बघायला, आणि त्या नजरेत एवढंच होतं की तुम्ही आत जा.

बाई आत गेल्या नाहीत. पण बोलल्याही नाहीत. हे त्यांनी पुढे कधी स्वतःपासून लपवलं नाही. पाइप चौथ्यांदा उतरेपर्यंत त्यांच्या घशातून आवाज निघाला नाही. तीस वर्षं या गाळ्यात त्यांचं नाव बाई होतं, इस्टेटमध्ये कुणाचं पत्र वाचायचं असलं, अर्ज लिहायचा असला तर लोक त्यांच्याकडे येत. ते सगळं त्या चार घावांइतका वेळ त्यांनी धरून ठेवलं. पाचव्या वेळी पाइप वर गेला तो महिपतच्या डोक्यावर यायचा होता, आणि बाई मध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

"आजी, बाजूला व्हा."

"बोल्ट मी मिसळले."

"काय?"

"प्रेसचे बोल्ट वेगळे होते. ते मी साध्या बोल्टांत घातले. रोहितने डब्यावरची चिठ्ठी वाचून घेतले. ती चिठ्ठी माझ्या हातची आहे. महिपतने त्याला डाय बांधू नको म्हणून सांगितलं होतं, त्यासाठीच मारलं होतं."

"तुमी ह्याला वाचवताय."

"बाई, गप बसा," खालून महिपत म्हणाला.

"तू गप बस. फार बसलास गप, त्यानेच ही वेळ आली."

नाथाने पाइप खाली केला नाही, वरही नेला नाही. पांढऱ्या केसांची, चष्मा घातलेली बाई, हिला मारायचं तर कसं, आणि न मारायचं तर अंगातलं हे सगळं ठेवायचं कुठे. त्याने पाइप टाकला, मांडणीचे दोन खांब धरले आणि सगळी मांडणी ओढून पाडली. बेचाळीस डबे आले. एक बाईंच्या कपाळावर बसला. चष्मा फुटला, भुवईवरची कातडी उघडली आणि त्या बोल्टांच्या ढिगावर बसल्या.

तेव्हा महिपत उठला. उजवा हात लोंबत होता. डाव्याने त्याने नाथाची मान धरली आणि त्याचं तोंड प्रेसच्या बिडाच्या काठावर आपटलं, एकदा, दुसऱ्यांदा. नाक फुटलं. बाकीचे त्याच्या अंगावर पडले, पण तो मान सोडेना. त्याला नाथाचा जीवच घ्यायचा होता, आणि तो घेतला असता.

"महिपत, सोड त्याला," बाई म्हणाल्या. डोळ्यात रक्त उतरल्यामुळे त्यांना तो नीट दिसत नव्हता. "एका पोराचा हात मी घेतला, तो पुरे. तू आणखी कुणाचं घर बुडवू नकोस."

महिपतने सोडलं.

नाथा उलट्या क्रेटवर बसला. शर्टाच्या बाहीत नाक धरलं. मग बोलला तेव्हा आवाज ओला होता.

"लगन ठरलंय त्याचं. पालीची पोरगी हाय. आता मी काय सांगू त्या लोकांना? कोनी तोडला हात?"

"मी."

"मंग तुमाला मी काय करू, ते तरी सांगा."

स्वातीने फोन केला होता, पोलीस आले. हवालदाराने बाईंच्या कपाळाकडे बघून विचारलं, कुणी मारलं. बाई म्हणाल्या, ते मी लिहून देते, कागद द्या. चष्म्याची एक काच तडकली होती, दुसरी शाबूत होती. त्या एका काचेतून त्यांनी दोन पानं लिहिली. जानेवारीतले नऊ दिवस आधी लिहिले, महिपतची थप्पड लिहिली, पाइप लिहिला, मांडणी लिहिली, आणि महिपतने नाथाचं नाक फोडलं तेही लिहिलं. ते वाचून दाखवल्यावर महिपत म्हणाला, "माझा हात मोडला तो काय फुकट?"

"फुकटच," बाई म्हणाल्या. "मला विचारून मोडून घ्यायचा होतास."

हवालदाराला हसावं की नाही ते कळेना. नाथा मात्र हसला नाही. त्याने कागदाखाली महिपतच्या डाव्या अंगठ्याच्या ठशाशेजारी सही केली. जाताना तो बाईंपाशी थांबला. "उद्या इस्पितलात या," म्हणाला. "त्याला तुमीच सांगा. मी न्हाय सांगनार."

"येते," बाई म्हणाल्या. "सकाळी दहाला."

महिपतच्या हाताला प्लास्टर घालून, आपल्या कपाळाला चार टाके घालून घेऊन, गाळ्याला कुलूप लावून त्या घरी पोहोचल्या तेव्हा साडेसात झाले होते. साडी बदलली, देवाजवळ दिवा लावला, वरणभाताचा कुकर चढवला. एक डोळा सुजून मिटत आला होता. तरी वही काढली. दिवसभरात जे झालं ते सहा ओळींत लिहिलं, कुणाचं नाव गाळलं नाही, आपलं सगळ्यात आधी घातलं. मग कुकरची शिट्टी होईना म्हणून उठून स्वयंपाकघरात जाऊन आल्या आणि सातवी ओळ लिहिली.

सिलिंडर आज संपला. अठ्ठेचाळीस दिवस चालला.