जाऊबाईंचं नाक आणि तीन डबे

आमच्या जाऊबाईंचं नाक तापात गेलं. गेलं म्हणजे जागेवर होतं, पहिल्यासारखंच तरतरीत, फक्त त्याला वास येईना. माझं गेलं असतं तर मी सुटले म्हटलं असतं. कारण आम्ही राहतो वरच्या मजल्यावर आणि खाली जाऊबाईंचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. लग्न होऊन या घरात आले त्या दिवसापासून माझ्या उशीच्या अभ्र्यालासुद्धा ग्रीसचा वास आहे. भांडून भांडून थकले मी. पण जाऊबाईंचं अख्खं दुकान त्या नाकावर चालायचं, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने गेलं ते हातापायाइतकंच महत्त्वाचं होतं.

म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी उगीच मीठमसाला लावतेय. जाऊबाई जुन्या मोटारसायकली दुरुस्त करतात. विद्या वडिलांकडून आली. या जुन्या गाड्यांचं असं असतं, की एका घरात तीन बिऱ्हाडं. इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळा आणि मधे प्रायमरी. प्रायमरी म्हणजे इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी साखळी आणि तिच्याच खोलीत क्लचच्या चकत्या. तिघांचं तेल वेगळं. इंजिनाला उष्णता सोसणारं आणि काजळी पोटात घालणारं. गिअरबॉक्सला दाट, दात दातावर घासले तरी मधून न हटणारं. आणि प्रायमरीचं सगळ्यात नाजूक. साखळी अलगद सरकत राहायला हवी, पण चकत्या मात्र एकमेकींना घट्ट धरायला हव्यात. तेल जास्त बुळबुळीत झालं की क्लच पकडतच नाही. इंजिन नुसतं बोंबलतं आणि गाडी जागेवर. हे सगळं मला कसं माहीत? वीस वर्षं जेवताना दुसरं काय ऐकलंय मी!

जाऊबाई मोठ्या पिंपातून तेल आणायच्या आणि दुकानातल्या जुन्या पत्र्याच्या डब्यांत भरून ठेवायच्या. डबे सगळे सारखे, आणि एकावरही अक्षर नाही. झाकण उघडायचं, नाक लावायचं, ओतायचं. गिअरच्या तेलाला कुजक्या अंड्याचा वास, तो तर मलाही जिन्यावरून यायचा. पण त्यांना त्या वासातलेही प्रकार कळायचे. भावोजी, म्हणजे त्यांचे यजमान, पाणीपुरवठा खात्यात आहेत. त्यांच्या ऑफिसात प्रत्येक नळाला नंबर. ते म्हणायचे, "अगं, नावं तरी लिही त्यांच्यावर."

"पोटच्या पोरांच्या गळ्यात कुणी पाट्या अडकवतं का?" जाऊबाई म्हणायच्या. विषय संपला.

मग तो ताप आला. हॉस्पिटलात राहिल्या, बऱ्या होऊन आल्या. एके दिवशी मी गॅसवर दूध ठेवून कपडे काढायला गच्चीवर गेले. खाली येते तो घरभर धूर, पातेलं काळंठिक्कर आणि जाऊबाई ओट्याशेजारीच पाठमोऱ्या बसून स्पार्क प्लग घासतायत! "अहो, नाक आहे की भोपळा?" मी ओरडले. त्या वळल्या, धुराकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. तेव्हा मला काही कळलं नाही. पातेल्याच्या रागात होते मी.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आज येईल, उद्या येईल असं करत दुकान उघडलं. आणि पहिलीच गाडी आली ती गुरांच्या डॉक्टरांची. भला माणूस, अंगाने आडवा. डोंगरावरच्या वाड्यांतली जनावरं बघायची तर तीच एक गाडी, दुसरं वाहन त्या वाटेला जात नाही. तिन्ही तेलं बदलायची होती. जाऊबाईंनी सवयीने झाकणं उघडली, नाक लावलं, वास आला नाही, तरी हाताला आठवेल म्हणून ओतलं. इंजिनाचं बरोबर गेलं. बाकीच्या दोघांची अदलाबदल झाली. गिअरचं दाट तेल प्रायमरीत, प्रायमरीचं पातळ गिअरबॉक्समध्ये.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाडी ढकलत आले. घामाने निथळत होते. "बाई, चढावर क्लच पकडत नाही आणि गिअर मांजरासारखे ओरडतायत. वर एक गाय अडली होती. मी चालत गेलो."

"गाय?" जाऊबाईंनी विचारलं.

"वाचली. वासरू नाही वाचलं."

डॉक्टर पुढे म्हणाले, की वेळेवर पोचलो असतो तरी वाचलं असतंच असं नाही. पण जाऊबाईंच्या कानात ते शिरलं नाही. त्यांनी गाडीखाली परात सरकवली, प्रायमरीचा बोल्ट काढला, वाहणाऱ्या तेलात बोट घातलं, चोळलं. मग ते बोट माझ्यासमोर धरलं. "बघ गं, कसला वास येतो?"

"कुजक्या अंड्याचा. शी!"

त्या तिथेच स्टुलावर बसल्या. "मला नाही येत," म्हणाल्या. "कशाचाच नाही येत." दूध जळलं त्या दिवसाचं मला तेव्हा कळलं. मी पदरानेच त्यांचं बोट पुसलं.

संध्याकाळी घरात बैठक बसली. भावोजी शांत माणूस, पण त्या दिवशी उभ्या उभ्या बोलले. "दुकान बंद कर. आज क्लच गेला. उद्या ब्रेकचं काही चुकलं आणि कुणाचा जीव गेला तर? मला भीती वाटते गं. रात्रंदिवस वाटेल." आमचे हे लगेच मान डोलावायला लागले. खालची जागा भाड्याने मागणारा एक शिंपीही ह्यांच्या ओळखीचा निघाला. बरे निघतात असल्या वेळी ओळखीचे!

जाऊबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "नाक गेलंय," म्हणाल्या, "हात आणि डोकं शाबूत आहे. डॉक्टरांची गाडी मी बिघडवली, ती मीच नीट करणार. डॉक्टरांना मागे बसवून ती पाण्याच्या टाकीचा चढ चढली नाही, तर मीच कुलूप लावीन."

आता त्या टाकीचा चढ म्हणजे काय, तर सायकलवाले तिथे उतरतात आणि रिक्षावाले रस्ता बदलतात. भावोजींनी "ठीक आहे" म्हटलं आणि कुलूप आणून टेबलावर ठेवलं.

जाऊबाईंनी तेलं काढली. क्लचच्या चकत्या रॉकेलने धुतल्या, पुसल्या, वाळवल्या, परत बसवल्या. चांगलं तेल भरलं. या वेळी बाजारातून सीलबंद आणलं होतं. डॉक्टर मागे बसले. आम्ही सगळे चढाच्या पायथ्याशी, भावोजी कुलूप खिशात घालून. गाडी निघाली, अर्ध्यावर गेली, आणि इंजिनाचा आवाज एकदम वर चढला आणि गाडी मात्र आली मागे. डॉक्टरांनी दोन्ही पाय टेकले म्हणून, नाहीतर दोघं गडगडत माझ्या पायाशी आले असते.

भावोजींनी कुलूप बाहेर काढलं. त्यांनाही वाईटच वाटत होतं, हात पुढे होत नव्हता. जाऊबाई हेल्मेट काढून म्हणाल्या, "चढली नाही तर लावीन, असं म्हटलं होतं. पहिल्याच खेपेला चढली नाही तर, असं नव्हतं म्हटलं."

"ही शब्दांची कसरत झाली," भावोजी म्हणाले.

"झाली तर झाली. चकत्यांनी ते तेल आत ओढलंय. धुऊन जायचं नाही. नव्या घालते." आणि गाडी उतारावरून तशीच खाली सोडली. मी भावोजींच्या तोंडाकडे बघितलं आणि हसू दाबलं. खरं सांगते, त्या दिवशी मी पक्ष बदलला. शिंपी नको मला खाली. ग्रीसच बरं.

मग जे सुरू झालं ते विचारू नका. नव्या चकत्या आल्या, त्या प्रायमरीच्या तेलात बुडवून ठेवल्या. तोवर गिअरबॉक्सकडे मोर्चा. त्यात म्हणे पितळेचे बुश असतात, बांगडीच्या तुकड्यासारखे. गिअरचं तेल फार तिखट असलं तर त्या पितळेला खातं. पूर्वी जाऊबाई तिखटपणा वासावरून ओळखायच्या. आता काय? मी स्वयंपाकघरात शिरते तो काय, गॅसवर माझं नवं पातेलं, त्यात उकळतं पाणी, पाण्यात तेलाच्या दोन बाटल्या आणि प्रत्येक बाटलीत घासून लखलखीत केलेला एकेक जुना बुश!

"जाऊबाई! आधीचं पातेलं गेलं तेव्हा मी काही बोलले नाही—"

"बोललीस. भोपळा म्हणालीस. गप्प बस आणि बघ."

दुपारभर मंद आचेवर ठेवलं. एका बाटलीतला बुश काळवंडला, दुसरीतला होता तसाच राहिला. जाऊबाईंनी काळा बुश चिमट्यात धरून माझ्या नाकासमोर नाचवला, जणू मीच त्याला खाल्लं होतं. "हे नको, ते घ्यायचं. कळलं? नाक लागलं का याला?" कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज मोठा झाला होता. मला इतका आनंद झाला की पातेल्याचं बोलायचं राहूनच गेलं.

पुन्हा चढ. पुन्हा आम्ही पायथ्याशी. गाडी गेली, अर्धं ओलांडलं, वळणाआड दिसेनाशी झाली, आणि आवाज एकाच लयीत दूर जात राहिला. मग वरून हॉर्न. डॉक्टर उतरून आले ते हसतच. जाऊबाईंनी हसण्याआधी गाडीच्या पोटाला हाताचा पंजा लावला, कान टेकवला, चाक हाताने फिरवलं. जळका वास येतो का, ते आमच्यापैकी कुणालाही विचारलं नाही. "बरी आहे," म्हणाल्या. "उद्या डोंगरावर घेऊन जा."

कुलूप घरी आलं. पण भावोजींची भीती काही गेली नव्हती. "ही एक गाडी झाली," ते म्हणाले. "घाईच्या दिवशी, दहा गाड्या उभ्या असताना काय करशील?"

यावर जाऊबाईंनी जे केलं त्याने घरात खरा भडका उडाला. हॉस्पिटलात त्यांनी बघितलं होतं, की सलाईन लावताना एक नर्स बाटलीवरचं मोठ्याने वाचते, दुसरी ऐकते, मग लावतात. त्यांनी डबे रंगवले, इंजिन लाल, प्रायमरी पिवळा, गिअरबॉक्स काळा, वर ठळक अक्षरं, प्रत्येकाचं नरसाळंही वेगळं. आणि दुकानाबाहेर पाटी लावली: मला वास येत नाही. तेल ओतण्याआधी डबा मोठ्याने वाचून 'ओत' म्हणा. तुम्ही म्हटल्याशिवाय ओतणार नाही.

"अगं, स्वतःच्या हाताने स्वतःची बदनामी?" भावोजी कळवळले. "आंधळ्या शिंप्याने अशी पाटी लावली तर कोण कपडे टाकेल त्याच्याकडे?"

"लपवलं तेव्हा काय झालं ते बघितलंत ना?" जाऊबाई म्हणाल्या. "आता लपवणार नाही. हसतील त्यांनी हसावं."

हसले की लोक. काही परत फिरले. गुरांचे डॉक्टर मात्र आले, धडा वाचावा तसे तिन्ही डबे वाचून गेले. पण पहिले काही दिवस दुकानात माशीशिवाय कुणी फिरकायचं नाही आणि जाऊबाई नट-बोल्टचे पाने पुसत बसायच्या. मला वरून बघवायचं नाही.

मग एका सकाळी एक गिऱ्हाईक आलं. चकचकीत बूट, जुनी पण झकास गाडी. प्रायमरीचं तेल बदलायचं होतं. जाऊबाईंनी जुनं काढलं, बोल्ट लावला, पिवळा डबा पुढे केला. तो म्हणाला, "मी काय शाळेत आलोय? ओता हो, मला ऑफिस आहे."

"वाचा, मग ओतते."

"बाई, तुम्हाला वाचता येतं ना?"

"येतं. तरी वाचा."

"हे बघा, तुम्हाला जमत नसेल तर मी दुसरीकडे जातो."

जाऊबाईंनी डबा खाली ठेवला आणि हात पुसले. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर भावोजी जेवणाच्या डब्याची पिशवी घेऊन ऑफिसला निघालेले. मी वरच्या पायरीवर. मनात म्हटलं, आता हे म्हणणार, बघ, सांगत होतो ना! जाऊबाईंच्या पाठीला पोक आला होता, तो मला वरूनही दिसत होता.

भावोजींनी पिशवी पायरीवर ठेवली. दुकानात शिरले, पिवळा डबा उचलला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि खात्याच्या मीटिंगमध्ये वाचतात तशा आवाजात वाचलं, "प्रायमरी. साखळी आणि क्लच. गिअरबॉक्समध्ये घालू नये." मग डबा जाऊबाईंच्या हातात दिला.

"ओत," ते म्हणाले.

जाऊबाईंनी नरसाळं लावलं आणि ओतलं. त्यांचे डोळे वाहत होते, पण धार हलली नाही.