टॉवेलखालचा हात

चप्पल पायातून निसटली तरी मला कळत नसे. इतवारी बाजाराच्या गर्दीत वीसेक पावलं पुढे गेल्यावर कोणी मागून हाक मारायचं, तेव्हा खाली पाहायचो. शर्टाची बटणं बायको लावून देऊ लागली. हातातून कप पडले. एका डॉक्टरने साखर तपासली, दुसऱ्याने इंजेक्शनं दिली. फरक पडेना, म्हणून धंतोलीतल्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

मी संत्र्याचा व्यापारी. हातगाडीपासून सुरुवात केली आणि काटोलकडच्या अख्ख्या बागा घेण्यापर्यंत पोचलो. समोरच्याला आपलं काही कळू द्यायचं नाही, या एका सवयीवर मी मोठा झालो. कळमन्याच्या फळबाजारात आता बोली उघड होते, पण बागेचे सौदे आम्ही जुनी माणसं दुपट्ट्याखालीच करत आलो. दलाल कापडाखाली तुमची जितकी बोटं धरेल, तितका आकडा, बागेच्या सौद्यात तितके लाख. तोंडाने कोणी बोलायचं नाही.

चार वर्षांपूर्वी अशाच एका सौद्यात वीस वर्षं माझे सौदे करणाऱ्या, बायको ज्याला भाऊजी म्हणायची त्या दलालाने मला दगा दिला, असं मी धरून बसलो होतो. मला चार बोटं लागली, मी हो म्हणालो. दुपट्टा काढल्यावर तो म्हणाला, पाच. बागवाल्यासमोर, मजुरांसमोर मी त्याची कॉलर धरली आणि त्याला चोर म्हणालो. तो एवढंच म्हणाला, "पाच धरले होते गा. तुले चार काहून लागले, मले नाही माहीत." मी कळमनाभर सांगत फिरलो. त्याला सौद्याला बोलावणं बंद झालं. आता तो काटोलच्या बस स्टँडवर टोपलीत फळं घेऊन बसतो. बायकोने चार वर्षं जेवताना ही हकिकत ऐकली, आणि दर वेळी माझा आवाज चढलेलाच असायचा.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, त्रास कधीपासून? म्हणालो, सहा महिने. बायको काही बोलणार होती, मी डोळे वटारले. मग डोळे मिटायला सांगून त्यांनी एकेका बोटाला कापूस लावला आणि कुठे लागतंय ते विचारलं. मी पापण्यांच्या फटीतून बघून उत्तरं दिली. सगळी बरोबर आली, तेव्हा सौदा जिंकल्यासारखा मनात खूश झालो.

सहा महिन्यांत इतकं बिघडलं म्हणून त्यांनी घाई केली. रक्त तपासलं, पाठीत सुई घालून पाणी काढलं. दोन दिवस मला डोकं उचलता येत नव्हतं. कशातच काही निघालं नाही. पुढच्या वेळी मी गेलो तो भांडायलाच. बाहेरच्या पेशंटना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, आजार सापडत नसेल तर दुकान कशाला मांडलं?

त्यांचा आवाज चढला नाही. "काका, सहा महिन्यांचा आजार वेगळा असतो, कित्येक वर्षांचा वेगळा. आणि मागच्या वेळी तुमचे डोळे उघडे होते."

त्यांनी कोपऱ्यातला टॉवेल घेऊन माझ्या हातावर टाकला. खालून हात घालून बोटं धरली.

"किती?"

"चार."

त्यांनी टॉवेल बाजूला केला. पाचही बोटं त्यांच्या मुठीत होती. करंगळी तर दाबून पांढरी पडली होती.

बायको माझ्या हाताकडेच बघत होती. हळूच म्हणाली, "म्हणजे भाऊजी खरं बोलले होते."

असं पहिल्यांदा कधी झालं, डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं. एक वर्ष, हे माझ्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यावर भागवता आलं असतं तर मी भागवलं असतं. पण बायको तिथेच बसली होती. मी खाली बघत सगळं सांगितलं, कॉलरसकट. त्यांनी लिहून घेतलं. म्हणाल्या, मानेत मज्जारज्जू दबत असेल, अजून खात्रीने सांगता येत नाही. मानेचा एमआरआय करू. चार वर्षं थांबायला नको होतं, असंही म्हणाल्या. माझ्या हाताला काहीतरी झालंय, हे त्या दलालाने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी त्याला खोटं ठरवून बसलो, आणि हात जात राहिला.

काल बसने काटोलला गेलो. तो टोपलीमागे बसला होता, केस पांढरे झाले होते. आजूबाजूला कोणी नाही असं बघून मी खाली वाकलो आणि म्हणालो, "पाचच होते."

त्याने फळं पुसणं थांबवलं नाही. "मले माहीतच आहे. चोर म्हटलं तं पन्नास लोकांत. अन् आता एकट्यात येऊन सांगून राहिला?"

माफीही मी स्वस्तात घ्यायला गेलो होतो.

एमआरआय उद्या दुपारी आहे. सकाळी बोली सुरू व्हायच्या आधी, पन्नास लोक जमलेले असतात तेव्हा, मला कळमन्यात पोचायचं आहे. बायकोला सांगून ठेवलं, शर्टाची बटणं उद्या लवकर लावून दे.