बीममधून गेलेला पाइप

मालवणातल्या एका हॉटेलच्या कामावर मी पाइप फिटर होतो. आठवीतून शाळा सोडलेली, गाव परभणीकडं, टोळीबरोबर समुद्रापर्यंत आलेलो. तळमजल्याच्या संडासाचा पाइप बाहेरच्या चेंबरकडं न्यायचा होता. मी ड्रॉइंग बघितलं आणि म्हणालो, "साहेब, मधी जोत्याचा बीम येतोय."

साहेब म्हणजे पाणी-वीज-ड्रेनेजची ड्रॉइंगं काढणाऱ्या ऑफिसातले डिप्लोमावाले. माणूस इथलाच.

"सांगणारो तू कोण? ड्रॉइंगात आसा तसो टाक."

टाकला. बीमला भोक पाडून टाकला. चार दिवसांनी हॉटेलमालकाचा इंजिनिअर ते भोक बघून ओरडायला लागला, तसं साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्याकडं बोट केलं. "आठवी शिकल्याच्या हातात काम दिला काय असाच होतला!" मुकादमानं मला काढलं आणि टोळी गोव्याला निघून गेली.

त्या ऑफिसच्या मालकीणबाईंनी, मॅडमनी, मला प्रिंट काढायला ठेवून घेतलं. चूक माझीच, असं त्यांना वाटत होतं, तरी ठेवून घेतलं. त्यांचे उपकार आजही डोक्यावर आहेत. पण डोक्यात ते बोट होतं. रोज सकाळी वाटायचं, की आज साहेब काहीतरी सांगतील आणि मला इथूनही काढतील.

दोन हजार नऊच्या सुमारास मॅडमनी पणजीहून नवं सॉफ्टवेअर आणलं. त्यात नुसत्या रेघा ओढायच्या नसतात, अख्खी इमारत कॉम्प्युटरमध्ये उभी करायची असते, पाइपांसकट. साहेब म्हणाले, "ह्यो पोरांचो खेळ." ते घातलेला कॉम्प्युटर तसाच पडून राहिला. मी भीत भीत विचारलं, जेवणाच्या सुट्टीत बसू का? मॅडम म्हणाल्या, "बस ना. सरावाला एखादं जुनं काम घे."

मी ते हॉटेल घेतलं.

आधी मजल्यांच्या उंच्या भरल्या, मग खांब, मग बीम. इथवर जमलं. जमिनीखालचा पाइप मात्र काढला की गायब. परत काढला, परत गायब. कोपऱ्यात दर वेळी इंग्रजीत एक पिवळी चौकट यायची. मला ती वाचता येत नव्हती. शेवटी मॅडमना बोलावलं.

"अरे, हे सांगतंय, तू पाइप काढलास, पण इथून तो दिसत नाही. जमिनीखाली किती खोल बघायचं ते त्याला सांग." त्यांनी एक आकडा बदलला आणि वीस-बावीस पाइप एकावर एक पडलेले दिसले. मॅडम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

ड्रॉइंगवाले पाइप संडासाकडून काढतात. फिटर चेंबरकडून निघतो, कारण चेंबरची खोली ठरलेली असते. आणि मालवणच्या वाळूत दोन हात खणलं की पाणी, तिथं चेंबर आणखी खाली जातच नाही. मी फिटरसारखा निघालो. उतार धरून पाइप वर वर आणला आणि तो सरळ बीमच्या पोटात घुसला. काय कशावर आपटतंय त्याची यादी मागितली. एकच ओळ आली, त्याच बीमची. एवढं सुख मला पुढं लग्नातही झालं नाही.

शनिवारी सगळे चहाला बसले असताना मी स्क्रीनवर इमारत फिरवून दाखवली.

"कुणाच्या ड्रॉइंगवरून केलंस?" मॅडमनी विचारलं.

"साहेबांच्या. एक रेघ बदलली नाही."

"चेंबर खाली घेवक होयो होतो," साहेब म्हणाले.

"किती खाली, साहेब? पाण्यात?"

कुणीतरी फस्सकन हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी स्वतः इमारत फिरवून पाइप बघितला. मग म्हणाल्या, "म्हणजे याचं चुकलंच नव्हतं." आणि साहेबांकडं वळून, "सोमवारपासून हा तुम्हाला हे शिकवेल."

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं.

सोमवारी साहेब शेजारी बसले. जमिनीखाली पाइप काढला. गायब. "पाइप खंय गेलो रे? आत्ताच काढलंय मी!" पिवळी चौकट आली. त्यांना इंग्रजी येत होतं, पण ती न वाचताच त्यांनी बंद केली. आकड्याचं मी सांगितलं नाही. मंगळवारी तेच. बुधवारी त्यांच्या कपाळावर घाम होता. मॅडमनी विचारलं, "सगळं सांगतोयस ना त्यांना?" मी हो म्हणालो. त्यांच्याशी मी तेवढं एकदाच खोटं बोललो.

गुरुवारी साहेबांनी एकदाची चौकट वाचली. आकडा बदलला. तीन दिवसांचे पाइप ढिगानं वर आले.

"तुका म्हायत होता?"

"होय."

"मगे सांगलंस कित्याक नाय?"

"सांगणारा मी कोण, साहेब?"

ते एकेक पाइप पुसायला लागले. मी मदत केली नाही. शेजारी बसून मोजत राहिलो. माझ्यापेक्षा जास्त निघाले.