मखमलीचा तिसरा कोट

डेव्हन ॲव्हेन्यूवर कुणालाही विचारा, साडीच्या दुकानामागं बसणारा पुरुषोत्तम टेलर कोण ते सांगतील. शिकलो नववी, पण अख्ख्या शिकागोत मखमल कापावी तर मीच. मशीनवर बसलो की भले भले इंजिनियर गप उभे राहतात. पण आज सांगायचंय ते माझ्या धाकट्या बहिणीबद्दल, सुचित्राबद्दल. ती याच रस्त्यावर किराण्याच्या दुकानात डाळी पॅक करते. बसमधल्या बायका तिचा मरून कोट हात लावून बघतात, विचारतात कुठून घेतला. ती म्हणते, दादानं शिवला.

वीणा इथली सिटिझन. तिच्याशी लग्न करून मी एक्याण्णवला इथं आलो. शहाण्णवला मी सिटिझन झालो आणि त्याच आठवड्यात सुचित्राला इथं कायमचं आणायला अर्ज टाकला. तिच्याबरोबर तिचा नवरा एकनाथ आणि मुलगी राधिका. नागपूरला फोन लावून सांगितलं, तिघांना आणतो. आमच्या घरात मखमल अंगाला लागायची ती भाड्याच्या शेरवानीची, तीही एका दिवसापुरती. म्हटलं, माझी माणसं इथं मखमल घालून हिंडतील. व्हिसाचा नंबर जवळ आला तेव्हा, दोन हजार पाचला, एकाच थानातून तीन कोट कापले. आत जाड अस्तर. मापं फोनवर घेतली, सुईभर फरक पडला नाही.

दोन हजार सातला आले दोघंच.

वकिलानं कागद दाखवले. आईबापाबरोबर मूल येतं ते एकवीसच्या आतलंच; अर्ज सरकारात पडून होता ते दिवस वयातून वजा करूनसुद्धा राधिका एकवीसच्या वर तीन महिने गेली होती. कागदावर जन्म मे महिन्याचा. खरी ती कोजागिरीच्या रात्री जन्मली, घरीच, ऑक्टोबरात. मे कुणी लिहिला? मी. नव्वदच्या जूनमध्ये मीच तिला शाळेत घेऊन गेलो होतो. हेडमास्तर म्हणाले, पाच पूर्ण नाहीत, पुढच्या वर्षी आणा. माझी भाची एक वर्ष घरी बसणार? मी छाती काढून सांगितलं, मेमध्येच पाच झाली. त्यांनी लिहून घेतलं. संध्याकाळी गल्लीत पेढे वाटले मी. पुढं दाखला, पासपोर्ट, सगळीकडे तोच मे. दुसरा कागदच नाही.

सुचित्रा यावर एक शब्द बोलली नाही. मी वाट बघत होतो. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता तिनं राधिकासाठी वेगळा अर्ज केलाय. आठ-नऊ वर्षं लागतील म्हणाला वकील, आणि तोवर पोरीनं लग्न करायचं नाही. सुचित्रा परत गेली तर तो अर्जही बुडतो. म्हणून पोर तिकडं आत्याकडे आणि आई इकडं. तिसरा कोट सुचित्राच्या कपाटात टांगलेला. घडी घालून ठेवू देत नाही, मखमलीवर घडी पडली की जात नाही.

या जानेवारीत एका दुपारी ती तो कोट घेऊन माझ्याकडे आली. हातात चिठ्ठी, राधिकाची नवीन मापं. पोरगी भरली होती, छातीला तीन इंच जास्त.

मी म्हटलं, "अगं, आत्ता कशाला? ती येईल तेव्हा बघू."

"थंडीत आली आणि बसला नाही तर?"

अस्तर उसवलं. शिवणीच्या आत सोडायला जादा कापड, माया, उरलेलीच नव्हती, मागच्या वर्षीच सगळी सोडली होती. जुन्या शिवणीची रेघ अजून दिसत होती. मखमल काही लपवत नाही. त्या रंगाचं कापड आणायला चार दुकानं फिरलो, मिळालं नाही. आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला म्हटलं, होत नाही.

सुचित्रानं अंगातला कोट काढून माझ्या टेबलावर ठेवला. "एकाच थानातला आहे ना? यातलं घे."

मी म्हटलं खालचा घेर कापून चालत नाही, लव आडवी जाते, रंग वेगळा दिसतो. उभी पट्टी लागते, म्हणजे समोरची, बटणांची. मग तुझ्या कोटाची बटणं लागणार नाहीत.

"नाही लागली तर राहिली."

"सुचे, बाहेर उणे दहा आहे."

"दादा, काप."

नाही म्हणायला माझ्याकडे तोंड कुठं होतं? लव खाली जाईल अशा बेतानं पट्ट्या कापल्या, राधिकाच्या कोटाला काखेखाली जोडल्या. जोड शोधून सापडणार नाही, इतकं चांगलं काम मी कधी केलं नाही. तोवर ती स्वेटरवर मशीनजवळ बसून होती. मी माझं जाकीट पुढं केलं, तिनं मान हलवली.

राधिकाचा कोट तिनं प्लास्टिकमध्ये घातला, हँगरसकट. स्वतःचा अंगात चढवला. एका हातात हँगर, दुसऱ्या हातानं कोटाचे दोन्ही पदर छातीशी धरून ती रस्ता ओलांडून बसस्टॉपवर गेली. बस यायला बराच वेळ लागला. मी काचेतून बघत होतो. हात बदलायचा झाला की कोट उघडा पडायचा.