दगडूचा बडी

लष्करातून सुटल्यावर माझं पोस्टिंग झालं सुरतेला, बमरोलीच्या एका मिलच्या गेटवर. हत्यार एक शिट्टी. शत्रू म्हणजे साडीचे तागे पळवणारे. तिथे सुपरवायझर कोण, तर हवालदार दगडू पाटील, माझा जुना सेक्शन कमांडर. म्हणजे सिव्हिलमध्येही मी त्याच्याच हाताखाली.

फौजेत दोघांची जोडी लावतात. खाणं, झोपणं, ड्यूटी सोबत. त्याला बडी म्हणतात. दगडूचा बडी नामदेव. बर्फातल्या पोस्टवर नामदेव गेला आणि त्याच्या जागी मला नेमलं. ऑर्डरने मिळालेली दोस्ती! नामदेव कसा चढायचा, नामदेव चहा कसा करायचा, हे मी वर्षानुवर्षं ऐकलं. त्याचा चहा कधी बिघडलाच नाही म्हणे.

एका सकाळी गार्ड बदलताना दगडू गेटवरच कोसळला. मेंदूची रक्तवाहिनी बंद झाली होती. उजवा हात-पाय गेला, वाचा गेली. पुढे एकच शब्द परत आला.

"नामदेव."

पाणी हवं, तरी नामदेव. पाय दुखला, तरी नामदेव.

"भाऊ, माले बी नामदेवच म्हनतस," दगडूची बायको सिंधूवहिनी म्हणाली. "माले मिशा शेतस का?" तिने ओठावरून बोट फिरवलं.

डॉक्टरांनी समजावलं. त्याला बरंचसं कळतं, माणसं ओळखू येतात. शब्द आत आहेत, बाहेर यायची वाट तुटलीय. एखादाच शब्द अडकून बसतो आणि सगळ्यासाठी तोच निघतो. अगदी पाठ झालेलं मात्र कधी कधी आपोआप येतं.

मला पटलं. पण नामदेववर जळणं काही थांबलं नाही. ड्यूटी संपली की रोज भेस्तानला त्याच्या घरी जाऊन त्याला चालवायचो मी, मालिश करायचो मी.

"शांताराम म्हण. शां-ता-राम."

"नामदेव."

"तेल माझं, घाम माझा, आणि नाव त्याचं?"

दगडू अर्ध्या तोंडाने हसायचा.

एका रविवारी तो काठी टेकत गॅलरीतून येत होता. मी दारात आडवा उभा राहिलो आणि पहाऱ्यावरच्या संत्रीच्या आवाजात ओरडलो, "थम! कौन आता है?"

दगडू थबकला. ओठ हलले.

"दोस्त."

स्वच्छ. वहिनी भाकरी तव्यावर टाकून धावत आली. माझी छाती फुगली. हावरटासारखं विचारलं, "दोस्त का नाम?"

त्याने माझ्याकडे बघितलं. कपाळावर घाम आला. तोंड 'शां'साठी उघडलं, मी स्वतः पाहिलं.

"नामदेव."

त्याने काठी जमिनीवर आपटली. डोळे भरले. चुकीचं नाव निघालं, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं.

बर्फातल्या पोस्टवर नामदेव गेला त्या सकाळी धुकं होतं. दगडू संत्री होता. पेट्रोलिंगवरून नामदेव खंदकाजवळ पोचला, दगडूने हाच सवाल टाकला, आणि जवाब यायच्या आत तोफेचा गोळा पडला. 'आगे बढो' म्हणून त्याला आत घ्यायचं राहूनच गेलं.

मी दारातून बाजूला झालो.

"आगे बढो, नामदेव."