पेंटरने वजनासाठी काढलेली चिंच

संकेत, साक्षात्कार, अंगात येणं... असल्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी कधी धड उत्तरही दिलेलं नाही. वीस वर्षं नर्स होते; अंगात आलेल्या बायकांना सलाईन लावून ताळ्यावर आणलंय. त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय.

१९८९ची गोष्ट. भिवंडीत टेमघरला आमच्या दोन खोल्या आणि मिस्टरांना नाद निसर्गचित्रांचा. डोंगर, तळी, भातखाचरं – भिंतीवर कॅलेंडरला जागा नाही! शेजारच्या पॉवरलूमचा कापूस काचांवर बसायचा, तो पुसायचा मी. चित्रं काढणारा होता दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर. पाट्या बऱ्या काढायचा.

एकदा मिस्टरांनी त्याला पूर्णा गावी आमच्या शेतावर नेलं. तासाभरात जलरंगातलं चित्र तयार. बघते तर काळ्या कातळाच्या उजवीकडे भलंमोठं चिंचेचं झाड! आमच्या शेतात साधं झुडूप नाही.

"हे काय?" मी पेंटरला विचारलं.

"उजवी बाजू रिकामी वाटत होती, ताई. चित्र कलंडत होतं. वजन पाहिजे ना."

"मग हत्ती काढायचा!"

"अगं, कलाकाराची नजर असते," मिस्टर म्हणाले. म्हटलं, तपासून घ्या ती नजर.

त्याच वर्षी चुलतदीर बाळाराम भावोजींनी कुंपण घातलं आणि आमची बैलगाडीची वाट आत घेतली. सत्तरीच्या सासूबाई डोक्यावर भाताचे भारे घेऊन चिखल तुडवायला लागल्या. जुनी हद्द एका चिंचेवरून ठरलेली, हे दोन्ही घरांना मान्य. पण ती चिंच सासूबाई लग्न होऊन येण्याआधीच तुटलेली. नेमकी कुठे होती, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. भावोजी म्हणत, वाटेच्या अलीकडे, आमच्या बाजूला – म्हणजे वाट त्यांची.

चार माणसं शेतावर जमली, तिथे मिस्टर ते चित्र चादरीत गुंडाळून घेऊन आले. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

भावोजी पोट धरून हसले. "वैनी, चित्रात झाड हाय म्हणून वाट तुमची झाली काय?"

मी मिस्टरांवर उखडले. "एवढा भरवसा आहे ना? मग खणा तिथेच. होऊन जाऊ दे तमाशा."

"थांब दादा, मीच खणतो. तुझे हात पेन धरायचे." भावोजींनी पहार घेतली, चित्रात डोकावत कातळापासून पावलं मोजली, वर आम्हाला वाकून नमस्कारही केला.

चौथ्या घावाला टक्क आवाज आला. दगड नव्हता... माती सारली तर काळं पडलेलं, कवेत न मावणारं खोड. वाटेच्या पलीकडे, भावोजींच्या कुंपणाच्या बरंच आत.

कुंपण त्याच दुपारी निघालं.

पेंटरला कुणीतरी चिंचेबद्दल सांगितलं असणार, असं मी धरून चालले. मिस्टर नाही म्हणतात, सासूबाईही नाही म्हणाल्या. आणि सांगितलं असतं तरी जागा कुणाला ठाऊक होती? पेंटरला पुन्हा गाठलं. तो पाटीवरून मान वर न करता म्हणाला, "ताई, सांगितलं ना, वजन पाहिजे होतं."

आठवड्याने भावोजी घरी आले. चहा नको म्हणाले. भिंतीवरची बाकीची सगळी चित्रं जवळ जाऊन, एकेक करून बघितली. मग हळूच विचारलं, "वैनी, यात आमचं काय न्हाय ना?"

"नाही," मी ठणकावून सांगितलं.

खात्री मला नव्हती. आजही नाही.